निराधार बालकांचें घर

अनाथ हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना आहे. देवाला अनाथांचा नाथ म्हणण्याची आपली चाल आहे. आणि तसें म्हणतांना अनाथाचा सगळा भार आपण देवाच्या माथीं टाकून मोकळे होतों, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्याला कोणी नाहीं अशा मुलाला राहण्यास घर, जेवण्यास पान आणि शिकण्यास शाळा समाजानें मिळून द्यावी, ही कल्पना मात्र आपल्याकडे तितकी जुनी नाहीं. पंढरपुरास बालकाश्रम निघाला तो १८७५ सालीं. त्या गोष्टीला आतां दीडशे वर्षें झालीं. एवढ्या अवधींत हें कार्य कोठून निघालें, कोणत्या वळणांनीं गेलें आणि आज कोठें येऊन ठेपलें आहे, याचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा असें योजिलें आहे. हा इतिहास दुसऱ्या कोणाचा नसून बऱ्याच अंशीं आपल्याच घरांचा आहे, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पूर्वीची सोय

पूर्वीं पोरकीं मुलें नव्हतीं काय? होतींच. साथीच्या रोगांनीं आणि दुष्काळांनीं घरेंच्या घरें बसत. परंतु एकत्र कुटुंबांत चुलत्याच्या किंवा मामाच्या घरीं पोरक्या मुलाची कशीबशी सोय लागे. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकावयास शहरांत आला, तर सात घरीं सात वार लावून जेवे, नाहीं तर माधुकरी मागे. या आश्रयांत माया किती आणि उपकाराची जाणीव किती, हें ज्याच्या त्याच्या नशिबावर असे. पुतण्यानें पाणी भरावें, पुतणीनें भांडीं घांसावींत, आणि त्याबद्दल दोन वेळचें अन्न मिळाल्यास धन्यता मानावी, अशीच बहुधा स्थिति असे. तथापि मूल रस्त्यावर पडत नसे, हें कबूल केलें पाहिजे.

पण त्या आश्रयाला एक अट होती. मुलाला बापाचें नांव आणि जातीचा शिक्का असावा लागे. ज्या मुलाला बापाचें नांवच लावतां येत नव्हतें, त्याला चुलता नव्हता, मामा नव्हता आणि वारही नव्हता. त्याच्या वांट्याला नदी, उकिरडा किंवा देवळाची पायरी येई. आपल्याकडील बालकाश्रमांचा आरंभ झाला तो या मुलांपासून.

विधवेचें मूल

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीं मिळाली. परंतु कायदा झाला तरी घराचा उंबरठा तसाच राहिला. आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न झालेली मुलगी बाराव्या वर्षीं विधवा झाली, तर पुढील सारें आयुष्य तिनें केशवपन करून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत काढावें, हाच आपल्या उच्चवर्णीय घरांचा नियम होता. त्या कोपऱ्यांतही ती सुरक्षित असे असें नाहीं. घरांतल्या किंवा शेजारच्या पुरुषाच्या हातून तिला दिवस गेले, तर पुरुषाचें नांव कोणी विचारीत नसे. तिला मात्र आत्महत्या, गर्भपात किंवा बालहत्या यांवांचून चौथा मार्ग नसे.

१८६३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं हा चौथा मार्ग उघडला. त्यांनीं आपल्या घराजवळ बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. कोणाही विधवेनें तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें आणि मूल नेणें किंवा ठेवणें तिच्या खुषीवर असावें, अशी व्यवस्था केली. बाळंतिणींची आणि मुलांची जोपासना सावित्रीबाई करीत. १८७४ सालीं काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या निपुत्रिक दांपत्यानें आपला म्हणून वाढविला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत त्यानें रोग्यांवर उपचार केले आणि त्याच रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाईंना त्या वर्षीं १० मार्च रोजीं मृत्यु आला. ज्या मुलाला जन्मतःच नाहींसें करण्याची समाजाची तयारी होती, त्यानें संकटकाळीं समाजाचीच सेवा केली. यापेक्षां या कार्याचें अधिक मोठें समर्थन कोणतें असूं शकेल?

पंढरपूरची गोष्ट याच मालिकेंतील आहे. यात्रेच्या निमित्तानें दूरदूरच्या विधवांना तेथें आणावें, चंद्रभागेच्या कांठीं गुपचूप मोकळें करावें आणि पुन्हां घरीं न्यावें, हा प्रकार सर्वांना ठाऊक होता आणि कोणीही तो बोलून दाखवीत नसे. न्यायखात्यांत असलेले लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनीं प्रार्थनासमाजाच्या साह्यानें तेथें बालकाश्रम उभा केला. ज्या गांवीं पाप झांकावयास लोक जात, त्याच गांवीं मूल जगविण्याची सोय झाली. पुढें १८९२ मध्यें याच गृहस्थांच्या खटपटीनें अहमदाबादेसही महीपतराम रूपराम यांच्या नांवें अनाथाश्रम निघाला.

या प्रश्नाकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत असत, हें एका उदाहरणावरून कळेल. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली. तेव्हां वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर लेखांमागून लेख आले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलें आणि स्त्रीला दोषी ठरविणारा पुरुष स्वतः कोठें उभा आहे, असा रोकडा सवाल केला. आश्रमांतील पाळण्याचा प्रश्न हा मुळांत घरांतील न्यायाचा प्रश्न आहे, हें त्या बाईंनीं तेव्हांच ओळखलें होतें.

दुष्काळ आणि आश्रम

दुसरी लाट आली ती दुष्काळांची. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांतील दुष्काळांनीं हजारों मुलें निराधार झालीं. त्यांना उचलून घेण्यास प्रथम ख्रिस्ती मिशनें पुढें आलीं, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढलें तें विधवांच्या शिक्षणासाठीं. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत हिंडल्या आणि उपाशी मुलींना व स्त्रियांना बरोबर घेऊन केडगांवास आल्या. त्यांतून शेकडों निराश्रितांचें मुक्तिसदन उभें राहिलें. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळी दिवसांतच अन्नावांचून गेले होते. भूक म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

रमाबाईंच्या धर्मांतरामुळें आणि त्यांच्या संस्थेंतील कांहीं मुलींनीं तोच मार्ग धरल्यामुळें पुण्यांत मोठें वादळ उठलें. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम चांगला झाला. आपल्या मुली दुसऱ्याच्या आश्रयास जातात म्हणून नुसता संताप करून भागत नाहीं, आपण आश्रय दिला पाहिजे, ही जाणीव उत्पन्न झाली. १८९६ सालीं प्रो. धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. प्लेगामुळें पुण्यांत राहणें अशक्य झालें, तेव्हां १९०० सालीं रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेंत, हिंगण्यास एका झोपडींत आश्रम गेला. कॉलेजांत दिवसभर शिकवून अण्णासाहेब चिखल तुडवीत तेथें पायीं जात. त्यांच्या पत्नी आनंदीबाई या पूर्वीच्या गोदूबाई, म्हणजे शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवाच. त्यांनीं आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी जमविली आणि १९१८ सालीं तर इंग्रजीचें जेमतेम ज्ञान असतां त्या अमेरिकेस गेल्या. आश्रय घेणारीच आश्रय देणारी कशी होते, याचें हें ठळक उदाहरण होय.

अन्नापासून विद्येकडे

येथपर्यंत मुख्य प्रश्न जीव वांचविण्याचा होता. जीव वांचल्यावर मुलाचें करावयाचें काय, हा प्रश्न नंतर पुढें आला. सरकारनें त्याचें उत्तर प्रथम मजुरीच्या भाषेंत दिलें. १८५० च्या कायद्यान्वयें दहा ते अठरा वर्षांच्या निराधार मुलांस कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून बांधून देतां येई. १८५७ सालीं मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नांवें निघालेली उद्योगशाळा ही मुख्यतः गुन्ह्याच्या वाटेस लागलेल्या मुलांसाठीं होती. निराधार मूल आणि गुन्हेगार मूल यांत फारसा फरक नाहीं, दोघांनाही शिस्त लावली म्हणजे झालें, अशी समजूत या सर्व व्यवस्थेच्या बुडाशीं होती. ती समजूत आजही पुरती गेली आहे असें म्हणवत नाहीं.

आपल्याकडील लोकांनीं काढलेल्या संस्थांनीं दुसरी वाट धरली. १९०९ सालीं पुण्यास अनाथ विद्यार्थि गृह निघालें. वार लावून जेवणाऱ्या मुलाला कोणाच्या दारीं न जातां स्वतःच्या म्हणून एका घरांत राहतां यावें, शाळा शिकतां यावी आणि छापखान्यासारखें हातचें कामही यावें, अशी त्याची योजना होती. तीच संस्था पुढें पुणें विद्यार्थि गृह या नांवानें प्रसिद्धीस आली. तिच्या नांवांतून अनाथ हा शब्द गळाला, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याला रोज त्या शब्दानें हांक मारली जाते, त्याला तो शब्द किती जड होतो हें संस्थेंत वाढलेल्यालाच ठाऊक.

इकडे कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची मालिकाच उभारली. पुढें भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह उघडून सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं. तेथील मुलें स्वतः दळीत, स्वयंपाक करीत, शेतांत राबत आणि शिकत. एकदां मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं गळ्यांतलें मंगळसूत्र मोडलें. त्या काळच्या स्त्रीनें हें करणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकभगिनींना निराळें सांगावयास नको.

सरकारची जबाबदारी

मुलांचा सांभाळ हें केवळ दानशूरांचें काम नसून राज्याचें कर्तव्य आहे, हें तत्त्व मुंबई इलाख्यांत १९२४ च्या मुलांच्या कायद्यानें मान्य झालें. त्याच्या अंमलबजावणीसाठीं १९२७ सालीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९६० सालीं अनाथाश्रमांच्या देखरेखीचा मध्यवर्ती कायदा झाला. १९८६, २००० व २०१५ या सालीं बालन्यायाचे कायदे झाले. आजच्या कायद्याप्रमाणें कोणतेंही निराधार मूल सांपडल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आंत त्यास जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें हजर करावें लागतें. कोणालाही परस्पर मूल ठेवून घेतां येत नाहीं आणि परस्पर देतांही येत नाहीं. जिला मूल सांभाळणें खरोखर अशक्य आहे, अशा आईला तें समितीच्या स्वाधीन करतां येतें आणि तिला फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत मिळते. चंद्रभागेच्या कांठीं जी गोष्ट काळोखांत होत असे, ती आतां कायद्याच्या उजेडांत, आईची अप्रतिष्ठा न करतां होऊं शकते. परंतु हें ज्या मुलीला कळावयास पाहिजे, तिलाच बहुधा तें ठाऊक नसतें. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक प्रत्येक घरीं भिंतीवर लिहिलेला असावा, असें आम्हांस वाटतें.

घर म्हणजे इमारत नव्हे

आतां या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाच्या वळणाकडे येऊं. मुलाला स्वच्छ इमारत, पोटभर अन्न आणि औषध मिळालें म्हणजे तें वाढेल, अशी पुष्कळ वर्षें सर्वांची समजूत होती. १९४५ सालीं रेने स्पिट्झ या वैद्यानें दाखवून दिलें कीं, अन्न व स्वच्छता यांची उत्तम सोय असलेल्या संस्थांतही, ज्या तान्ह्या मुलांना एका ठराविक माणसाची माया मिळत नाहीं, तीं सुकतात. १९५१ सालीं जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या निवेदनांत हीच गोष्ट विस्तारानें मांडली. पुढें २००० सालीं रुमानियाच्या राजधानींत, बुखारेस्ट येथें, संस्थांतील १३६ मुलांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्मीं मुलें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून संगोपनासाठीं कुटुंबांत ठेवण्यांत आलीं. घरांत गेलेल्या मुलांची बुद्धि आणि बोलणें संस्थेंत राहिलेल्यांपेक्षां स्पष्टपणें सुधारलें. आणि जीं मुलें साधारण दोन वर्षांच्या आंत घरांत गेलीं, त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला.

याचें कारण कोणत्याही आईस सहज समजेल. मूल रडलें कीं येणारें माणूस तेंच असावें लागतें. पाळीपाळीनें बदलणाऱ्या दायांच्या हातांत मूल जगतें, पण कोणावर विसंबावें हें तें शिकत नाहीं. म्हणूनच ऑस्ट्रियांत इम्स्ट येथें १९४९ सालीं हेर्मान ग्माइनर यांनीं मोठ्या अनाथाश्रमाऐवजीं लहान लहान घरांचें बालग्राम वसविलें आणि प्रत्येक घरांत एक आई व थोडीं मुलें अशी रचना केली. ती पद्धत पुढें हिंदुस्थानांतही आली. आपला २०१५ चा कायदाही संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय मानतो. त्याआधीं मुलाचें स्वतःचें कुटुंब, मग दत्तक आणि संगोपनासाठीं दुसरें कुटुंब, असा क्रम लावतो.

दत्तकाविषयीं आपल्या घरांत मोठा पालट झाला आहे, हें आनंदानें नमूद केलें पाहिजे. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच, आणि तोही पिंडदानासाठीं. १९५६ च्या कायद्यानें मुलगीही दत्तक घेतां येऊं लागली, आणि स्त्रीलाही स्वतःच्या नांवानें दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. आज दत्तकासाठीं नांव नोंदवून वाट पाहणारे पालक, कायद्यानें दत्तक देतां येणाऱ्या मुलांच्या कितीतरी पट आहेत. तरीही वयानें मोठीं झालेलीं व अपंग मुलें तशींच राहतात. म्हणजे आपण अद्याप मुलासाठीं घर शोधीत नसून घरासाठीं मूल शोधीत आहों, असा याचा अर्थ होतो.

आपणांस काय करतां येईल

वडिलांच्या श्राद्धतिथीस किंवा मुलाच्या वाढदिवशीं आश्रमांत गोड जेवण देण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांत रूढ झाली आहे. हेतु चांगला आहे; आम्ही त्याची थट्टा करीत नाहीं. पण त्या दिवशीं आपल्यासमोर हात जोडून रांगेनें उभ्या राहणाऱ्या मुलांच्या बाजूनें एकदां विचार करून पाहावा. दर आठवड्यास कोणी अनोळखी माणसें यावींत, लाडू वाढावेत, छायाचित्र काढावें आणि जावें. यांतून मूल काय शिकत असेल? तें एवढेंच शिकतें कीं, माणसें येतात तीं जाण्यासाठीं. एका दिवसाच्या पक्वान्नापेक्षां, दर रविवारीं ठरल्या वेळीं येऊन एका मुलाचें गणित घेणारा आणि वर्षभर एकही रविवार न चुकविणारा गृहस्थ त्या मुलाला अधिक देतो.

दुसरी गोष्ट अठराव्या वर्षाची. आपला मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून आपण त्याला घराबाहेर काढीत नाहीं. संस्थेंतील मुलामुलीस मात्र त्या वयांत बाहेर पडावें लागतें. कायद्यानें एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष प्रसंगीं तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची सोय ठेविली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ मध्यें शिक्षणांत आणि नोकरींत अनाथांसाठीं शेंकडा एक जागा राखून ठेवल्या. परंतु खोली भाड्यानें घेतांना जामीन कोण राहणार? आजारीपणांत पेज कोण देणार? दिवाळीस जावयाचें कोठें? लग्न ठरतांना वडीलधाऱ्यांच्या जागीं बसावयाचें कोणी? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही सरकारी ठरावांत नाहींत. तीं एखाद्या घरानेंच द्यावयाचीं आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत जवळची आणि म्हणूनच सांगण्यास अवघड अशी आहे. संस्थांतील पुष्कळशा मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, असें जगांत जागोजाग आढळून आलें आहे. तीं मुलें आलेलीं असतात तीं दारिद्र्यामुळें. नवऱ्यानें टाकलेली किंवा विधवा झालेली बाई चार घरचीं भांडीं घांसते. तिच्या मागें मूल सांभाळणारें कोणी नसतें. आणि शेवटीं ती पोटच्या गोळ्याला आश्रमाच्या दारांत आणून सोडते. तीं चार घरें बहुधा आपलींच असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीं आपल्या घरांतील विधवेला न्याय न दिल्यानें पंढरपूरचा पाळणा भरत होता. आज आपल्याच घरीं काम करणाऱ्या बाईला पुरेसा पगार, आजारपणाची रजा आणि मुलाला बरोबर आणण्याची मुभा न दिल्यानें दुसरा एखादा पाळणा भरत असेल, तर आपण आपल्या आजेपणज्यांपेक्षां किती पुढें गेलों? अशा मातांसाठीं सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिच्यांत मूल कुटुंबांतच राहावें म्हणून मासिक साह्य मिळतें. त्यासाठीं अर्ज लागतो, दाखले लागतात, कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. लिहितां-वाचतां येणाऱ्या गृहिणीनें आपल्या कामवालीबरोबर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कचेरींत दोन वेळां जाऊन हा अर्ज पुरा करून दिला, तर एक मूल आश्रमांत जाण्यावांचून राहील. याला पैसाही लागत नाहीं.

आश्रम नकोत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यांचें खरोखर कोणी नाहीं, किंवा ज्यांचें घरच त्यांच्या जिवावर उठलें आहे, अशीं मुलें नेहमींच असणार आणि त्यांच्यासाठीं चांगल्या संस्था लागणार. दीडशे वर्षें ज्यांनीं त्या चालविल्या त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्या थोर माणसांच्या चरित्रांतून घ्यावयाचा धडा इमारतींचा नव्हे. जोतीरावांनीं गृह काढलें, आणि त्याच गृहांतलें एक मूल आपल्या घरांत आणून त्याला आपलें नांव दिलें. ज्यांना पहिलें करणें शक्य नाहीं, त्यांनीं दुसऱ्याचा विचार करावा. आणि ज्यांना दोन्ही शक्य नाहीं, त्यांनीं निदान एका आईचें मूल तिच्याजवळ राहील एवढें तरी पाहावें.